तोरण बांधलेली काच

मित्रांनो, खरं विमान हाती येण्याआधी वैमानिक जमिनीवर बसूनच विमान उतरवायला शिकतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? गोडदेवच्या एका गाळ्यात असं एक खोटं विमान आहे. त्यात चालकाच्या डोळ्यांपुढे तिरकी बसवलेली जुनी काच म्हणजे मी. समोरच्या पडद्यावर खाडीकाठची धावपट्टी दिसते आणि माझ्यावर हिरव्या उजेडाची खूण उमटते. खूण दाखवेल तिथे विमान टेकवायचं, एवढंच काम.

दोन हजार सहा साली मी इथे आले, तेव्हा माझा थाट काय सांगू! मऊ फडक्याशिवाय मला कुणी हात लावत नसे. "काच सांगेल ते खरं," असं शिकवणारे कौस्तुभ सर म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

पुढच्या वर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. ऑफिस सांभाळणाऱ्या उर्मिलाताईंनी हौसेने झेंडूचं भलंमोठं तोरण मला धरून ठेवणाऱ्या दांडीला बांधलं. त्या ओझ्याने माझी मान वाकली. दुसऱ्या दिवशी तोरण निघालं, मान मात्र वाकलेलीच राहिली. माझी खूण आता पट्टीच्या अलीकडे, पाण्यात पडू लागली.

त्याच दिवशी परीक्षा होती. जितेंद्र नावाच्या विद्यार्थ्याने माझी खूण पाहून विमान सरळ खाडीत घातलं आणि सर त्याच्यावरच उखडले. मग मेगन बसली. उत्तनच्या कोळीवाड्यातली ही पोर आधी एकदा नापास झालेली. आज चुकली की कोर्स संपला. माझी ती फार लाडकी, आणि मीच तिला बुडवायला निघाले होते. मला रडू येत होतं, पण काचेला कुठलं रडणं?

विमान खाली येऊ लागलं. मेगन एकदा माझ्याकडे बघे, एकदा पडद्याकडे.

"सर, काच पाणी दाखवतेय."

"काचेवर विश्वास ठेव."

"पप्पांचं जीपीएस पण कधी कधी होडी खडकावर नेतं, सर. ते मग किनारा बघतात." मग ती स्वतःशीच पुटपुटली, "हितं पट्टी न्हाय."

तिने खुणेचा नाद सोडला आणि माझ्या आरपार पाहिलं. विमान पट्टीवर अलगद टेकलं.

सर उठून आले. त्यांनी माझी दांडी चाचपली, तर स्क्रूत झेंडूची पाकळी अडकलेली.

"ताई, तोरण काचेला बांधलं होतंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, काचेला विसरू नका, आपली लक्ष्मी आहे ती."

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मेगन पास झाली. जितेंद्रला सॉरीही मिळालं आणि पुन्हा संधीही. माझी मान सरळ झाली.

मेगन आता खरी विमानं उतरवते, तरी दसऱ्याला येऊन मला स्वतः पुसते आणि माझ्या पुढ्यात एकच फूल ठेवते. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हांला ती आवडते. फक्त गळ्यात ओझं घालू नका, आणि पुसून झालं की एकदा पलीकडे डोकावा. मी चांगली काच आहे, पण धावपट्टी माझ्यात नाही, माझ्या पलीकडे आहे.