काचेआडची पुस्तकं

दिवाळीची सुट्टी संपवून वनमाला शाळेत आली आणि वाचनालयाच्या दारातच थबकली. तात्यापारा या हिंदी-मराठी वस्तीतल्या त्या प्राथमिक शाळेत ही खोली तिनंच उभी केली होती. आता तिथले उघडे रॅक गेले होते, सतरंजी गेली होती. भिंतीला लागून काचेची नवी कपाटं उभी होती, आणि प्रत्येकाला कुलूप.

"पोट्टे पुस्तकं फाडतात, मॅडम," मुख्याध्यापक नीलकंठ सर म्हणाले. "सोमवारी पाहुणे येऊन राहिले पाहणीले. आता कसं चकाचक दिसते!"

"आन् पोट्ट्यायनं वाचायचं कधी?"

"धडे आहेत ना वाचायले."

वनमालाचं डोकं भणाणलं. पाचवीतली इरावती तिच्या डोळ्यांपुढे आली. पहिलीत या पोरीला एक अक्षर येत नव्हतं. चित्रातल्या हत्तीवर बोट ठेवून ती रोज नवी गोष्ट रचायची. दुसरीत तेच पुस्तक अडखळत वाचलं, तेव्हा खरी गोष्ट निराळीच निघाली म्हणून दिवसभर रुसली होती. आणि आता भिंतीवरचा कोळी स्वतःच्याच जाळ्यात कसा अडकत नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं. कोणत्या धड्यात होतं ते?

सोमवारी पाहुणे आले. तेवढ्यापुरती कपाटं उघडली, मुलांना ओळीत बसवलं, प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक दिलं. फोटो निघाले. इरावतीच्या वाट्याला किड्यांचं पुस्तक आलं होतं. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही, ती वाचतच राहिली.

"चलो बच्चों, किताबें वापस!" सर म्हणाले. इरावतीनं मान वर केली नाही. सरांनी तिच्या हातातून पुस्तक ओढलं आणि टर्रकन आवाज झाला.

"देखो! फाड़ दी ना?" सर तिच्यावरच ओरडले. पोरीचे डोळे भरून आले.

"सर," वनमालाचा आवाज खोलीभर घुमला, "फाटलेलं पान तुमच्या हातात आहे. पोट्टीवर काहून ओरडून राहिले?"

पाहुण्यांचे चहाचे कप अधांतरी राहिले. "मॅडम, हे नंतर बोलू," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"नंतर नाही. तुमाले फोटोपुरतीच पोरं लागतात अन् फोटोपुरतीच पुस्तकं!" ती मुलांकडे वळली. "आज कोई किताब वापस नहीं करेगा. घर ले जाओ."

"सच्ची, मैडम?"

"हव, सच्ची."

मुलं पुस्तकं छातीशी धरून पळाली. दारात त्यांना अडवायची सरांची हिंमत झाली नाही, पाहुणे बघत होते ना.

दुसऱ्या दिवशी वाचनालय वनमालाकडून काढून घेतलं. घरोघर जाऊन पुस्तकं गोळा करा, असंही सरांनी फर्मावलं. "तुम्हीच जा," ती म्हणाली, "अन् पोरायच्या हातून ओढून आणा." ते गेले नाहीत. मुलं ती पुस्तकं दप्तरातून शाळेत आणतात, आणि आता ती वर्गावर्गातून फिरतात. पहिलीवाले चित्रं बघतात, पाचवीवाले त्यांना वाचून दाखवतात.

पण बाकीची सगळी अजून काचेआड आहेत. रोज प्रार्थना संपली की वनमाला ऑफिसात जाते.

"चाबी द्या, सर."

"पाहू, मॅडम."

"काय पाहता? पोरं मोठी होऊन राहिली!"

तिचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतो. येऊ दे, असं तिला वाटतं.