एक सीट, दोन चहा

राजे गेले, साहेब गेले, पण कोणी कोणाला किती द्यायचं हे सरकारच ठरवणार, हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. वर्धेत हा पाया रुख्माबाईच्या चहाच्या टपरीवर उभा होता, आणि त्या टपरीचा एक पाय विटेवर होता.

बसस्टँडसमोरच्या ऑटो स्टँडवर सावंगीच्या दवाखान्यापर्यंत एका सीटचं भाडं म्हणजे दोन चहा. हा नियम कुठल्याही राजपत्रात छापलेला नाही. नानाजी नावाचे एक जुने ऑटोवाले होते. एका प्रवाशाशी तासभर भांडून दमल्यावर ते म्हणाले, "जातानी एक चहा लागते, येतानी एक लागते. तेवढे दे अन् बस." प्रवासी बसला, आणि नियमही बसला. रुख्माबाईचा चहा पाचाचा होता तेव्हा सीट दहा. चहा दहाचा झाला, सीट वीस. मधल्या काळात पेट्रोल वर गेलं, खाली येणार अशी बातमी आली, सरकारने दोनदा मीटरचे दर वाढवले. स्टँडवर कोणी मान वर केली नाही. रुख्माबाईने पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं, तर मात्र प्रवासी खिसे चाचपायचे.

यात अडचण झाली ती रुख्माबाईचीच. चार वर्षं चहा दहावर अडकलेला. दूध वाढलं, सिलेंडर वाढला, आलं तर विचारूच नका. तिला बारा करायचे होते.

"बारा केले का हे लोकं चोवीस करतेत," ती मला म्हणाली. "मंग सावंगीच्या नर्सा कोणाले बोलतेत? तानबाले नाई बोलत. मले बोलतेत."

हे खरं होतं. मागच्या वेळी दर वाढला तेव्हा मंजुषा नावाच्या नर्सबाईंनी रुख्माबाईचं बीपी मोजता मोजता तिला सुनावलं होतं. आकडा साहजिकच जास्त आला.

तानबा हा स्टँडचा अध्यक्ष. त्याला कोणी निवडून दिलेलं नाही, तो नेहमी पहिल्या नंबरला उभा असतो, एवढंच. मी त्याला म्हटलं, चहा वाढला तरी सीट वाढवू नको, एवढा एक नियम मोड.

"काकाजी," तो म्हणाला, "दिलेला शब्द आम्हीच मोडला, तं मंग आमच्यात अन् सरकारात फरक काय राह्यला?"

मार्चमध्ये परिवहन खात्याच्या निरीक्षक सुरभी मॅडम आल्या. पुण्याकडच्या, नव्या बदलीच्या. शेअर ऑटोचे अधिकृत दर ठरायचे होते, त्याची पाहणी. प्रवासी प्रतिनिधी म्हणून त्यांनी मला घेतलं, कारण त्या वेळी दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

"सावंगीचं काय घेता?" त्यांनी तानबाला विचारलं.

"दोन चहा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मी ड्यूटीवर काही घेत नाही."

"तुमाले देऊन नाई राह्यलो, मॅडम. भाडं सांगून राह्यलो."

मग नानाजींपासून सगळा इतिहास सांगावा लागला. मॅडम हसल्या नाहीत, पण पेनाचं टोपण निघालं. "म्हणजे वर्धा–सावंगी भाडं या बाई ठरवतात?"

"मी कायची ठरवते, बाई," रुख्माबाई म्हणाली. "माह्या हातात असतं तं चार वर्साआधीच बारा केले नसते काय?" आणि तिने दूध, सिलेंडर, साखर, आलं असा पाढा म्हटला. मॅडमनी तो 'महागाई' या रकान्यात उतरवून घेतला. रकाना अपुरा पडला.

"मीटर टाका," त्या म्हणाल्या. "मोजूनच बघू."

तानबाच्या मीटरच्या फटीत कित्येक वर्षं उदबत्त्या लागत होत्या. त्याने फुंकर मारून राख उडवली, बटण दाबलं आणि लाल आकडे उजळले. "ह्याच्यात लाइट हाये हे मले माहीतच नव्हतं," असं म्हणून त्याने मीटरला नमस्कार केला.

कायद्याने प्रवासी तीन. मी, मॅडम आणि रुख्माबाई. "माह्या चहाचं काय होते ते मले पाहू द्या," म्हणून ती शेगडी बंद करूनच आली होती. तीनच माणसं बसलेली पाहून ऑटोलाही हुरूप आला असावा. दर वेळी आकडा बदलला की रुख्माबाई माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. सावंगीच्या दवाखान्याच्या फाटकाशी मीटर थांबलं तेव्हा माझा गुडघा सुजला होता आणि आकडा होता बहात्तर.

"भागिले तीन," मॅडम म्हणाल्या. "चोवीस."

रुख्माबाईने बोटांवर चोवीसचे दोन भाग केले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे चहा बाराचा झाला."

"मी चहाबद्दल काही बोलले नाही."

"तुमी नाई बोल्ल्या. मीटर बोल्लं."

अहवाल वर गेला. हरकती मागवल्या, तेव्हा एकच अर्ज आला. 'माझी हरकत नाही, पण लवकर करा. रुख्माबाई, चहावाली.' दोन महिन्यांनी आदेश निघाला, प्रति सीट रुपये चोवीस. मॅडम स्वतः पत्र्याची पाटी घेऊन आल्या.

रुख्माबाईने फळ्यावरचा दहा पुसून बारा लिहिला. तेवढ्यात मंजुषाताई ड्यूटीला जायला आल्या.

"काऊन वं मावशी, बारा? अन् सीट चोवीस?"

रुख्माबाईने हातातल्या गाळणीने पाटी दाखवली. ताईंनी पाटी मथळ्यापासून सहीपर्यंत वाचली आणि जे बोलायचं ते पाटीला बोलून घेतलं. पाटी शासकीय होती, तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग ताईंनी बारा रुपये देऊन चहा घेतला, आणि दुसराही घेतला.

चार वर्षांत रुख्माबाई इतकी खूश दिसली नव्हती. संध्याकाळपर्यंत स्टँडवाल्यांना चहा फुकट, असं तिने जाहीर केलं. चहा फुकट, तर नानाजींच्या नियमाने सीटही फुकट, हे मी तानबाच्या लक्षात आणून दिलं. त्याने लगेच मीटर चालू केलं.

पाटी ठोकणारा माणूस टपरीशेजारच्या खांबाला शेवटचा खिळा लावत होता. मॅडमनी आदेशाचं वाचन सुरू केलं, तोच रुख्माबाई पदराला हात पुसत पुढे आली.

"मॅडम, एक मागणं हाये."

मॅडमनी गंभीरपणे फाइल उघडली.

"ते पाटी जराशी इकडं सरकवता काय? दुपारचं ऊन दुधावर येते."