वरणातली पूड

रुपेश जेवायला बसला की मोहिनी त्याच्या ताटाकडं बघायचं टाळायची. त्याच्या वरणात ती रोज चिमूटभर पांढरी पूड टाकत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

जहर नव्हतं ते, औषध होतं. निदान पाकिटावर तरी तसं छापलं होतं. बोरगाव मेघेच्या रस्त्यावर एका भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'न सांगता दारू सोडवा', आणि खाली फोन नंबर. फोनवरचा माणूस मोठा गोडबोल्या. ताई ताई करत त्यानं धीर दिला आणि पाकीट कुरिअरनं घरपोच पाठवलं. वास नाही, चव नाही, वरणात टाका, चहात टाका. पाकिटात काय आहे हे तेवढं त्यानं सांगितलं नाही, आणि मोहिनीनंही विचारलं नाही. बुडत्या माणसाला हात दिसला की तो कोणाचा आहे हे कोण बघत बसतं?

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारू कुठं मिळते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. बंदीमुळे घरच्यांची एक सोय मात्र झाली. जी वस्तू जिल्ह्यात नाहीच, ती आपला माणूस पितो असं तोंडानं म्हणावं लागत नाही. रुपेशचं मोटारपंप वाइंडिंगचं दुकान होतं, हात कसबी होता, पण हल्ली दुकान दुपारीच बंद व्हायचं. घरात त्याला 'बरं नाही' असं म्हणत. लेकरंसुद्धा शेजाऱ्यांना तेच सांगायची, बाबाला बरं नाही.

पूड सुरू झाल्यावर तो संध्याकाळी लाल चेहऱ्यानं घरी यायचा आणि छातीवर हात ठेवून पडून राहायचा. मोहिनीला वाटलं, औषध लागू पडलं. पण पिणं काही थांबेना. मग त्या रविवारी तिनं धीर करून वरणात दोन चिमट्या टाकल्या.

जेवून रुपेश बाहेर गेला आणि तासाभरात भिंतीला धरत धरत परत आला. अंगणातच त्याला भडाभडा उलटी झाली. डोळे तांबारलेले, मान, छाती सगळं लालेलाल, आणि श्वास असा की मैलभर पळून आल्यासारखा.

"मोहिनी," त्यानं तिचा हात घट्ट धरला, "मी मरून राह्यलो व."

तिनं हाक मारली. शेजारच्या घरातून मोठा दीर बंडूजी धावत आला. दोघांनी मिळून त्याला ऑटोत टाकलं आणि दवाखाना गाठला. वाटेत रुपेशची मान तिच्या खांद्यावर कलली, तेव्हा मोहिनी मनातल्या मनात एकच घोकत होती. मी मारलं याला, मीच मारलं.

तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. पट्टा बांधून तिनं रक्तदाब पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय खाल्लं यांनी? दारू घेतात का?"

"नाई जी!" बंडूजीनं लगेच हात हलवले. "आमच्या घरात कोनी शिवत नाई. ऊन लागलं त्याले."

डॉक्टरणीनं मोहिनीकडं पाहिलं. मोहिनीनं पर्स पोटाशी धरली. सांगितलं तर पोलीस येतील, बायकोनं नवऱ्याला विष घातलं म्हणून गाव थुंकेल, लेकरांना कोण पाहील? न सांगितलं तर? नर्सनं पुन्हा रक्तदाबाचा आकडा वाचला. तो आणखी खाली गेला होता.

"पेतेत," मोहिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "रोज पेतेत. अन् मी त्याइच्या वरनात पावडर टाकली. दारू सोडवाची. आज जास्त टाकली."

"जहर देल्लं तू माह्या भावाले?" बंडूजी कडाडला.

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टरीण त्याला म्हणाली. "पाकीट आहे?"

ते मोहिनीच्या पर्समध्येच होतं. घरी कोणाच्या हाती लागू नये म्हणून ती ते सगळीकडं बरोबर नेत असे. डॉक्टरणीनं ते उलटसुलट पाहिलं. नर्सला भराभर सूचना दिल्या, सलाईन, ऑक्सिजन, ईसीजी. मग ती मोहिनीकडं वळली.

"यात काय आहे देव जाणे. बहुतेक दारू सोडवायची गोळीच कुटून घातली असावी. तिच्यावर दारू पडली की असंच होतं, जीवही जातो. गोळी आम्हीही देतो, पण तपासून, माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं." ती क्षणभर थांबली. "सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर आम्ही उन्हाचाच उपचार करत बसलो असतो."

रुपेश खाटेवर डोळे मिटून पडला होता. पण त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात उठून बसला, पण मोहिनीशी बोलेना. तिनं करून आणलेला डबा त्यानं हात न लावता सरकवून दिला. व्यसनमुक्ती विभागातली समीक्षा नावाची समुपदेशक खुर्ची ओढून दोघांजवळ बसली.

"मले पंधरा दिवसांपासून वाटे का मी आता मरतो," रुपेश छताकडं बघत समीक्षाला म्हणाला. "घेतली का छाती धडधडे. शटर पाडून एकटाच बसो. भेव वाटे म्हनून अजून घेओ."

"घरी का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? मी पेतो हे हिले मालूमच नाई, असंच चाले आमचं."

मोहिनीला रडू कोसळलं. एका छपराखाली दोघं भीतीनं अर्धे झाले होते आणि एकमेकांना 'बरं नाही' म्हणत होते.

"किती घेता?" समीक्षानं विचारलं. "खरं सांगा. एकदम बंद केली तरी धोका असतो, म्हणून विचारते."

रुपेशनं दाराकडं पाहिलं. बंडूजी तिथं उभा होता. तरी तो बोलला. "सकाळी उठल्याबरोबर लागते. नाई तर हात कापतात. मोटारीची तार धरता येत नाई."

सकाळचं मोहिनीला ठाऊक नव्हतं.

"सोडायची आहे?"

"हो जी. पन एकट्याच्यानं नाई होत."

"एकट्यानं करायचं नाहीच आहे. आधी इथं राहा, मग दर आठवड्याला दोघंही या."

समीक्षा गेली. मोहिनीनं न उघडलेला डबा पिशवीत ठेवला.

"तुया हातचं जेवन आता नाई होनार माह्याच्यानं," रुपेश शेवटी म्हणाला. "रागानं नाई म्हनत. भेव वाटते."

"मलेही वाटते," मोहिनी म्हणाली.

संध्याकाळी बंडूजीच्या घरून डबा आला. रुपेशनं तो उघडला, दोन घास खाल्ले आणि त्याला ठसका लागला. मोहिनीनं पटकन ग्लासात पाणी ओतून पुढं केलं. त्यानं ग्लास घेतला. खिडकीच्या उजेडात धरून तळापर्यंत पाहिला. मग तिच्याकडं पाहिलं, आणि पाणी प्यायला.