बहिणीकडं जायचे पैसे

प्रतिभा पहिल्यांदा आहुप्याला गेली ती मुक्कामी एसटीने, आणि वाटेत गाडीतच तिला मळमळायला लागलं. अवसरी खुर्दच्या सपाट, बागायती रानात वाढलेली पोर. डिंभे धरणाच्या कडेकडेने जाणाऱ्या त्या वळणांची तिला कुठली सवय असणार? शेजारच्या बाईने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि वाळलेल्या आवळ्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली.

"चोख. गिळू नको," ती म्हणाली. "कुणाकडं निगालीस?"

"बायांची मीटिंग घ्यायला. बचत गट काढायचाय. पैसे कसे वापरायचे, कसे साठवायचे, ते शिकवायचं."

बाई खळखळून हसली. "आगं, आमच्याकडं पैसंच न्हाईत. वापरायला काय शिकिवतीस?"

ती गोजरबाई. साठीला आलेली, उंच, काटक, उजव्या गुडघ्याने जराशी अधू. गाडी सकाळशिवाय परत फिरायची नाही, त्यामुळे प्रतिभाला रात्रीपुरता कुणाचा तरी आसरा हवाच होता. गोजरबाईने विचारलंसुद्धा नाही. पोरीची पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा प्रतिभाचा मुक्काम तिच्याकडेच ठरलेला. हे दोन हजार सालचं.

पहिली मीटिंग पार फसली. ती नोकरी करत होती त्या घोडेगावच्या संस्थेने दिलेला तक्ता देवळाच्या भिंतीला लावून प्रतिभा 'कौटुंबिक आर्थिक नियोजन' समजावत राहिली. बाया आधी कौतुकाने बघत होत्या. मग एकेक जांभई यायला लागली. एक म्हातारी तर बसल्या बसल्या घोरली.

पुढच्या खेपेला तिने तक्ता पिशवीतून बाहेरच काढला नाही. गोजरबाईच्या अंगणात वालाच्या दाण्यांचा ढीग ओतला आणि म्हणाली, "हे तुमचं वर्षाचं उत्पन्न. हिरडा विकून येतं ते, भात विकून येतं ते, जुन्नरकडं टोमॅटो तोडायला जाता त्याची मजुरी, सगळं. आता ते कुठं कुठं जातं तेवढे ढीग करा."

मग काय, अंगणात बाजार भरला. मीठमिरचीचा ढीग, दवाखान्याचा ढीग, लग्नकार्याचा ढीग. कुणी कुणाचे दाणे पळवले, कुणी भांडलं. ठमाबाईने मूठभर दाणे उचलले, अंगणाच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "ह्यो माझ्या नवऱ्याच्या दारूचा." सगळ्यांचे हात थांबले. मग ठमाबाईच फिसकन हसली, आणि अंगण हसण्याने भरून गेलं. हसता हसता एकीने डोळ्याला पदर लावला, पण त्या दिवशी गट निघाला.

गटाचा हप्ता सुरू झाला. सह्या गिरवणं सुरू झालं. प्रतिभाने आणखी एक गोष्ट लावून धरली. गटाचे पैसे गटाचे, पण प्रत्येकीचं स्वतःचं, स्वतःच्या नावाचं एक खातं असलंच पाहिजे. घोडेगावच्या बँकेत खाती उघडायला सगळ्या गेल्या, तेव्हा गोजरबाईने आपलं नाव लिहायला इतका वेळ घेतला की मागची रांग कुरकुरायला लागली. तिने मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "दम धरा वाईच. लांब नाव हाय माझं."

हिरड्याच्या हंगामात तिने कमाई घरात दिली आणि थोडी त्या खात्यात टाकली. कोंबड्या विकल्या, त्यातलंही थोडं टाकलं. दुसऱ्या वर्षीही तसंच केलं. तिच्या मुलाने, सोमाजीने, सुरुवातीला चेष्टा केली, पण आडकाठी केली नाही.

वादाला तोंड फुटलं ते एका साध्या प्रश्नावरून. मीटिंगमध्ये प्रतिभाने विचारलं होतं, "नुसतं साठवून उपयोग नाही. कशासाठी साठवतोय ते ठरवा. एकेकीने सांगा."

ठमाबाईला मुलीला आश्रमशाळेतून पुढे शिकवायचं होतं. कुणाला गाय घ्यायची होती. गोजरबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला कुशाला भेटायचंय."

कुशाबाई तिची धाकटी बहीण. कडा उतरून खाली कोकणात, मुरबाडकडच्या एका वाडीत दिलेली. तरणेपणी दोघी घाटाने वरखाली करायच्या. ही डोक्यावर तांदूळ घेऊन उतरायची, ती सुकट घेऊन चढायची. मग गोजरबाईचा गुडघा गेला, आणि कुशाबाईला दमा लागला. घाट तेवढाच राहिला, पण दोघींना झेपेनासा झाला. आता वरखाली करणाऱ्या कुणाच्या तरी तोंडून निरोप यायचे. कुशा बरी हाय. कुशाच्या नातवाचं बारसं झालं. एवढंच.

"गाडीनं जाता येतं म्हणत्यात," गोजरबाई म्हणाली. "माळशेजवरनं. लांबचा फेरा हाय, पर गाडी जाती. तेवढं पैसं मला साठवायचं हायती."

बाया हसल्या नाहीत. हसला तो सोमाजी, जो देवळाच्या दाराशी उभा राहून ऐकत होता. "आई, पावसाळ्यात घर गळतंय. पत्रं घालायचं सोडून तू गाडीतनं फिरणार व्हय? प्रतिभाताई, तुमीच सांगा."

प्रतिभा अडखळली. तिच्या डोळ्यांपुढे गळणारं छप्पर आलं, ज्याखाली ती स्वतः झोपली होती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "खरं सांगायचं तर आधी गरजेचं बघावं. पत्रे झाले की मग भेटीचं बघू."

गोजरबाई उठून घराकडे गेली. पुढच्या मीटिंगला ती आली नाही. त्या रात्री तिने प्रतिभाला जेवायला वाढलं, अंथरूण घातलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्याच्या पुढच्या मीटिंगलाही तिची जागा रिकामीच होती.

प्रतिभाला चैन पडेना. घोडेगावात आपल्या खोलीवर ती तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत बसली. बाईच्या नावावर पैसे असावेत म्हणून आपण घसा कोरडा केला. आणि बाईने आपल्या पैशाचं काय करायचं ते पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आपणच मुलाच्या बाजूने बोललो. पुढच्या आठवड्यात मीटिंग नसताना ती आहुप्याला गेली.

गोजरबाई नाचणीच्या खळ्यावर होती. प्रतिभाने तिच्या हातातलं सूप घेतलं. "मावशी, चुकलं माझं."

"चुकलं कसं? छप्पर गळतंयच की."

"गळू दे. ते सोमाजीदादाचंही घर आहे. त्याने त्याच्या कमाईतून पत्रे घालावेत, लागलं तर गटाकडून कर्ज काढावं, त्याच्या बायकोच्या नावावर मिळेल. तुमचे पैसे कशाला लावायचे ते तुम्ही ठरवायचं. मी तेच शिकवायला आले होते."

गोजरबाईने सुपातल्या नाचणीत हात फिरवला. मग उठली. "चल," म्हणाली.

ती लंगडत लंगडत देवराईच्या कडेने पोरीला कड्यावर घेऊन गेली. खाली सगळं कोकण पसरलेलं होतं. हवा स्वच्छ होती. झाडीच्या ठिपक्यांमध्ये कौलं दिसत होती, धुराची रेघ दिसत होती.

"ती चिंच दिसतीय का? तिच्या अल्याड कुशाचं घर." गोजरबाईने बोट दाखवलं. "रोज दिसतंय, पोरी. मेलेल्या माणसाला मनातून काढता येतं. हिला कशी काढू? मी वर, ती खाली, दोगीबी जित्या."

प्रतिभाने तिचा हात धरला. तिथेच बसून दोघींनी हिशेब मांडला. तिकीट, वाटेतला चहा, बहिणीला लुगडं, नातवाला खाऊ, परतीचं तिकीट. गोजरबाई म्हणाली, "आनि माघारी येताना दवाखान्याला लागलं तर?" प्रतिभा खुश झाली. हे तिने स्वतः शिकवलेलं नव्हतं असं नाही, पण ऐकलं गेलंय हे तिला तेव्हा कळलं.

खात्यात तेवढे पैसे होते. सोमाजीने दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, "मावशीला ठावं नको व्हय तू येनार म्हनून? मी घाट उतरून सांगावा देतो."

दिवाळी उलटल्यावर, भात झोडून झाल्यावर त्या निघाल्या. प्रतिभाने रजा घेतली होती. पहाटेच्या गाडीने घोडेगाव, तिथून नारायणगाव, मग आळेफाट्यावर कल्याणची गाडी. गोजरबाईने प्रत्येक तिकिटाचे पैसे स्वतः दिले, प्रतिभाचेसुद्धा. प्रतिभा नको नको म्हणत राहिली तर ती कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, माझं पोरगं शिकलंय जास्ती, आयकू नको तिचं."

मढच्या पुढे गाडी बंद पडली. उतारू खाली उतरले, ड्रायव्हर बॉनेट उघडून आत डोकावत राहिला. गोजरबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तिने भाकरी सोडली, चटणी काढली, शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी बायांना हाताला धरून बसवलं. गाडी सुरू झाली तेव्हा त्या बायांना तिच्या बहिणीचं नाव, दमा, नातवंडं, सगळं पाठ झालं होतं.

माळशेजच्या बोगद्यात मात्र तिने प्रतिभाचा दंड घट्ट धरला. बाहेर आल्यावर घाट खाली उलगडत गेला. पायथ्याला आल्यावर तिने खिडकीतून मागे वळून आपल्या डोंगराकडे पाहिलं. "आरं देवा," ती पुटपुटली. "खालनं लई उंच दिसतो गं आमचा डोंगर. मी एवढं चढत व्हती?"

मुरबाडला गाडी बदलून त्या वाडीच्या फाट्यावर उतरल्या, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. फाट्यावर मोरीच्या कठड्यावर सोमाजी बसला होता, नुकताच जेवून उठल्यासारखा तृप्त. "सकाळी निगालो, दुपारी हितं," तो हसत म्हणाला. "तुमी बसा गाडीत पैसं देऊन." पण आईचं गाठोडं त्याने पटकन खांद्यावर घेतलं.

कुशाबाई घरात थांबलीच नव्हती. धापा टाकत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ती निम्म्या वाटेवर येऊन उभी होती. बुटकी, गोरटेली, बहिणीसारखी अजिबात न दिसणारी. दोघी समोरासमोर आल्या. मग कुशाबाईने हात लांबवून बहिणीच्या कानशिलावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "म्हातारी झालीस की गं आक्का."

"आन् तू काय नवरी हायेस?"

एवढं बोलून दोघी रडायला लागल्या. सोमाजीने नातवाला उगीचच बैल दाखवायला पलीकडे नेलं.

रात्री ओट्यावर बसल्यावर लुगडं बाहेर निघालं. कुशाबाईने ते मांडीवर घेतलं, पण घडी मोडली नाही. चेहऱ्यावर काळजी दिसत होती. "आक्का, कुणाकडनं पैसं उचललंस? का कायतरी मोडलंस?"

"न्हाय मोडलं. माझंच हायत."

"सोमानं दिलं?"

"म्हनती ना माझं! माझ्या नावाचं. बँकेत हायत, मी सही करती आनि काढती." गोजरबाईने प्रतिभाकडे बोट केलं. "ही शिकिवती."

कुशाबाईने लुगड्याची घडी मोडली. मग म्हणाली, "मला शिकीव."

प्रतिभा पुढे सरकली, पण गोजरबाईने तिला हातानेच थांबवलं. "तू गप ऱ्हा. तू मोठं शब्द वापरतीस." आणि तिने शिकवायला घेतलं. अधेमधे चुकलं, व्याजाचा हिशेब तर पार उलटा सांगितला, गटाचे पैसे आणि आपले पैसे यांची गल्लत केली. प्रतिभा ओठ घट्ट दाबून ऐकत राहिली. शेजारच्या तीन-चार बाया येऊन बसल्या होत्या. व्याजाची दुरुस्ती तिने दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकऱ्या थापता थापता, कुशाबाईच्या कानात केली.

प्रतिभा माघारी फिरली. गोजरबाई मात्र पंधरवडाभर राहिली. संस्थेच्या साहेबांना प्रतिभाने रजेचं खरं कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सहलीसाठी बचत? अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं हे?" तिने नवीन रकाना आखला आणि त्यावर 'माहेर व बहिणी' असं लिहिलं. साहेबांनी ते खोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सोमाजीच्या बायकोने गटातून कर्ज काढलं आणि घरावर पत्रे आले. मुरबाडच्या एका संस्थेच्या मदतीने खालच्या वाडीतही गट सुरू झाला. दोन वर्षांनी कुशाबाई माळशेजवरून वर येणार असा निरोप आला, तेव्हा गोजरबाई तिला आणायला आळेफाट्यापर्यंत गेली. प्रतिभाही तिच्याबरोबर होती.

गाडीतून उतरल्या उतरल्या कुशाबाईने स्टँडवरच्या चहावाल्यापुढे नोट धरली. गोजरबाईने ती हिसकावून बहिणीच्या चोळीत परत खोचली. कुशाबाईने पुन्हा काढली.

"माझ्या गावाकडं आलीस, मी देनार," गोजरबाई म्हणाली.

"तुझं गाव अजून लांब हाय. हितं मी देनार. माझं हायत, माझ्या नावाचं."

चहावाला हातातली किटली खाली ठेवून दोघींकडे बघत राहिला. प्रतिभाने बाकड्यावर जागा केली आणि बसून घेतलं. हे लवकर मिटणार नव्हतं.