कोऱ्या पंचनाम्यावरची सही

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्या चाळीत पाणी दिवसाआड यायचं. त्या मंगळवारी मंजुळाबाई पिंप भरत होत्या, पण कान शेजारच्या खोलीकडे होते. मेघनाचं मोटारीचं शिलाई मशीन सकाळी सातलाच सुरू झालं होतं, आणि तो आवाज ऐकला की मंजुळाबाईंच्या पोटात दुखायचं. पूर्वी अख्ख्या चाळीचे ब्लाऊज त्याच शिवायच्या, पायमशीनवर. मेघना आली आणि चार वर्षांत गिऱ्हाइकं एकेक करून भिंतीपलीकडे गेली. बरं, पोरगी वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ती मेली गोड बोलायची.

दहाच्या सुमारास टेम्पो आला. मेघनाचा नवरा रवींद्र एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिला होता. मित्र पसार झाला आणि वसुली अधिकारी जप्तीसाठी यांच्या दारात उभा राहिला. पंच म्हणून शेजारचं कोणीतरी हवं होतं. बायका पटापट आत गेल्या. मंजुळाबाई हात पुसत पुढे आल्या.

ज्या हत्यारावर माणसाचं पोट चालतं ते जप्त करता येत नाही, एवढं अधिकाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने विचारलं, मशीन धंद्याचं की घरचं.

"धंदा कसला हो," मंजुळाबाई म्हणाल्या. "हौस म्हणून शिवते ती."

मेघनाने काकुळतीने गिऱ्हाइकांची कापडं पुढे केली. अधिकाऱ्याने पंचाचंच ऐकलं; ते त्याच्या सोयीचंही होतं. पंचनाम्याचा कागद अर्धा कोरा होता. बाकीचं ऑफिसात भरू, असं तो म्हणाला, आणि मंजुळाबाईंनी खाली सही ठोकली. आपल्याकडे पंच अशीच सही करतो. वाचायला मागणारा आगाऊ ठरतो.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे अकरा ब्लाऊज आले. झोपही छान लागली, खोटं कशाला बोला.

महिन्याभराने मेघना खर्चाचं बिल आणि भरलेल्या पंचनाम्याची नक्कल घेऊन आली. कानातलं मोडून तिने थकलेले नऊ हजार भरले होते, पण मशीन सोडायला जप्तीचा खर्च वेगळा मागत होते. चार हमाल, टेम्पोच्या दोन फेऱ्या, राखणदार आणि गोदामाचं रोजचं भाडं, मिळून साडेआठ हजार. मशीन तिने जुनं घेतलं होतं, सहा हजारांना. भाडं तर अजून चढतच होतं.

"ताई, खाली सही तुमची आहे," ती म्हणाली. "चार हमाल आलेले का हो?"

हमाल एकही नव्हता. मशीन रवींद्रनेच मान खाली घालून टेम्पोत चढवलं होतं, आणि मंजुळाबाईंनी ते दारातून डोळे भरून पाहिलं होतं. हेवा त्यांनी केला होता आणि बिल मेघनाच्या नावावर निघालं होतं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दोघी ठाण्याला सहकार खात्याच्या कार्यालयात गेल्या. कागद कोरा होता, हमाल नव्हते, फेरी एकच झाली, असा जबाब मंजुळाबाईंनी दिला. तिथल्या साहेबांनी समजावलं की हे कबूल केलंत तर तुम्हीही अडकाल.

"अडकू दे," त्या म्हणाल्या. "अजून एक लिहा. हिचं पोट त्या मशीनवर चालतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी जळून खोटं बोलले."

मेघनाने तोंड फिरवलं. मंजुळाबाईंनी या वेळी जबाब दोनदा वाचला, खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली आणि मगच सही केली.

येताना मेघना गाडीत वेगळ्या बाकावर बसली. मशीन कधी सुटेल, कोणी सांगितलं नव्हतं. घरी पोचल्यावर मंजुळाबाईंनी आपलं पायमशीन ओढत नेऊन तिच्या दारात ठेवलं. त्याला हमाल लागला नाही.

दुपारी भिंतीपलीकडून पायमशीनचा आवाज आला. मंजुळाबाईंच्या पोटात थोडं दुखलंच. पण दार लावून घ्यायला त्या उठल्या नाहीत.