काटा तळाला, अजून एक फेरी

मी लाँचच्या डिझेल टाकीचा काटा आहे. आता म्हातारा झालोय आणि गंजक्या खिळ्यांच्या डब्यात पडलोय. मित्रांनो, रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. पण माझ्यावर जो आळ आला, तो एकदा ऐकून घ्या आणि मग काय ते तुम्हीच ठरवा.

एका लहानशा कारखान्यात मला घडवलं. काळी तबकडी, पांढऱ्या खुणा, पितळी कडं आणि वर काच. तपासणाऱ्या बाईनं काचेवर फुंकर मारली, बाहीनं ती पुसली आणि मला खोक्यात ठेवलं. पुढे इतक्या मायेनं मला फारसं कुणी हाताळलं नाही.

मला दोन भावांच्या लाँचवर बसवलं. ती माणसांना खाडीपलीकडे नेई-आणी. थोरला सुकाणू धरायचा, धाकटा इंजिन बघायचा. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, धक्का आला की एका झटक्यात दोर खुंट्याला अडकवायची. वहिनीचा उजवा हात म्हणजे आपलं दुसरं इंजिन, असं धाकटा म्हणायचा. खाडीच्या मधोमध खडक आहेत आणि ओहोटीचं पाणी त्यांच्याकडेच ओढतं. तिथं इंजिन बंद पडलं तर लाँच थेट खडकावर. म्हणून तर मला सुकाणूसमोर बसवलं होतं.

माझं काम सोपं. टाकीत एक गोळा तरंगतो. डिझेल घटलं की तो खाली येतो, ती खबर वायरीतून माझ्याकडे पोचते आणि मी ती दाखवतो. पदरचं काहीही घालत नाही.

सुरुवातीला थोरला मला कौतुकानं प्रवाशांना दाखवायचा. पुढे खाऱ्या पाण्यानं टाकीजवळच्या अर्थिंगच्या वायरीला गंज चढला आणि माझ्यापर्यंत खबर कमी करून येऊ लागली. टाकी काठोकाठ भरली तरी मी पाऊण दाखवायचो, आणि पाव टाकी शिल्लक असतानाच तळाला टेकायचो. थोरल्यानं माझ्या काचेवर टिचक्या मारून पाहिल्या. वायर बघायला खाली वाकायचं कोण? त्यानं सरळ एक नियमच करून टाकला: काटा तळाला टेकला, की अजून एक फेरी. ती मारायची आणि मग डिझेल भरायचं. आमचा काटा घाबरट आहे, असं तो प्रवाशांना सांगायचा आणि लोक खो खो हसायचे. अहो, गंज वायरीला आणि घाबरट मी!

मग भावांचं बिनसलं. दादाला लांबचं नीट दिसत नाही, सुकाणू आता माझ्याकडे द्यावं, असं धाकटा चारचौघांत बोलून गेला. बोलणं खरं होतं, पण जागा चुकली. थोरल्यानं अबोला धरला, धाकटाही हट्टाला पेटला. इंजिन गरम होतंय हेसुद्धा वहिनीमार्फत कळवायचं. ती बिचारी निरोप पोचवून मेटाकुटीला आली. एका सकाळी तिनं दोघांना समोरासमोर उभं केलं.

“आजपासून तुमचे निरोप बंद,” ती म्हणाली. “तोंडं दिलीत ना देवानं? वापरा ती.”

दोघांनीही वापरली नाहीत.

त्याच दुपारी थोरला जेवायला गेला आणि धाकट्यानं मला खोलून काढलं. टाकीकडून येणारी वायर त्यानं माझ्यापासून सोडवली, तसा मी तळाला गेलो. तिच्या जागी एक तार लावली आणि तिचं दुसरं टोक अर्थिंगला टेकवलं, तसा मी सर्रकन वर, भरलेल्या खुणेपर्यंत. “तू तर ठणठणीत आहेस रे,” तो म्हणाला. खरं सांगतो, मला भरून आलं. मग त्यानं टाकीवरची फळी उचलली. गोळा बाहेर काढून हातानं वरखाली केला, तोही ठीक होता. शेवटी तो अर्थिंगच्या स्क्रूपाशी पोचला. स्क्रू हिरवाजर्द झाला होता, वायर हात लावताच तुटली. त्यानं जागा घासून लख्ख केली, नवी वायर आवळली, वर ग्रीस लावलं. टाकीत काठी बुडवून पाहिली तर बरोबर अर्धी ओली. मीही अर्ध्यावर. कित्येक वर्षांनी आमचा दोघांचा आकडा जुळला.

आता एवढंच सांगायचं होतं की काटा दुरुस्त झालाय, तो नियम विसर. थोरला आला तो तोंड फिरवून आत शिरला. धाकट्याच्या ओठावर आलेलं त्यानं गिळलं. थोरल्यानं मला पाहिलं. सकाळी पावावर होतो, आता अर्ध्यावर. धाकट्यानं डिझेल भरलं असणार, असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्यानंही विचारलं नाही. मी समोर खरं तेच दाखवत बसलो होतो, पण मला वाचा नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा इंजिनचा पट्टा आणायला बाजारात गेला. उतरत्या दुपारी, ऐन ओहोटीला, मी तळाला टेकलो. वहिनीनं थोरल्याला ते दाखवलंसुद्धा.

“अजून एक फेरी,” तो म्हणाला.

पलीकडे माणसं उतरवून रिकामी लाँच परत निघाली. खडकांसमोर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पाण्यानं आम्हाला ओढत नेलं. वहिनी बांबूनं खडक रेटत होती. बांबू सटकला आणि तिचा उजवा हात लाँच आणि खडक यांच्यामध्ये सापडला. ती किंचाळली ते मला आजही ऐकू येतं.

मासेमारांनी आम्हाला ओढून धक्क्यावर आणलं. धाकटा पट्टा घेऊन तिथंच उभा होता.

“त्या काट्यानं घात केला,” थोरला म्हणाला.

“काटा बरोबर होता, दादा. मी काल दुरुस्त केला.”

“मग बोलला का नाहीस?”

वहिनी रक्तानं भिजलेलं फडकं धरून बसली होती. ती दोघांकडे पाहत राहिली. “बोललात बाई एकदाचे,” ती म्हणाली.

लाँच ठिगळ लावून पुन्हा पाण्यात गेली. मला मात्र थोरल्यानं उपटून डब्यात फेकलं. म्हणे, हा अपशकुनी तोंडासमोर नको. नवा काटा आला. वहिनीच्या हाताची मूठ काही पुन्हा वळली नाही. आता दोर धाकटा टाकतो, सुकाणू थोरला धरतो, आणि दोघं दिवसभर एकमेकांशी जपून, गोड बोलतात. वहिनी घरीच असते. कधी खिळा शोधायला ती डाव्या हातानं हा डबा चाचपते. एकदा मी तिच्या हाती लागलो. तिनं काचेवर फुंकर मारली, पुसायला उजवा हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

मित्रांनो, वस्तूला टिचक्या मारू नका, तिची वायर बघा. आणि ती दुरुस्त केलीत, तर कितीही राग असो, त्याच दिवशी तोंड उघडून सांगा. मला बोलता येत नव्हतं. त्या दोघांना येत होतं.