नावानिशी पाकीट

मी कागदाच्या घड्या घालणारं मशीन बोलतोय. केडगावात पुणे रस्त्याच्या आतल्या गल्लीत ‘मैत्री टपाल सेवा’ असा बोर्ड दिसला की आत या. खिडकीशेजारी, हिरवा रंग उडालेला, तो मी. आधीच सांगून टाकतो, नम्रपणा मला जमत नाही. आख्ख्या जिल्ह्यात असं गाव दाखवा, जिथं माझ्या घडीचा कागद कुणाच्या तरी घरात गेलेला नाही.

जन्म माझा परदेशातला म्हणतात, पण तिथलं मला काही आठवत नाही. मी जाणता झालो तो पुण्याच्या एका छापखान्यात. तो बंद पडला, तेव्हा माझे मालक भीमराज यांनी मला टेम्पोत घालून नगरला आणलं. तेव्हा नगरच म्हणायचे. आता पाकिटांवर अहिल्यानगर छापतात, तेही मला सवयीचं झालं.

आमचा धंदा समजायला सोपा आहे. पतसंस्थेला सभासदांना नोटीस पाठवायची असते, बियाणं कंपनीला शेतकऱ्यांना पत्रक, शाळेला माजी विद्यार्थ्यांना आमंत्रण. छापखान्यातून कागद येतात ते सपाट. मी त्यांच्या घड्या घालतो. यशोधराबाई, म्हणजे भीमराजांच्या मंडळी, ते पाकिटात सरकवतात, डिंक लावतात, पत्ता चिकटवतात आणि गावागावाचे गठ्ठे बांधतात. भीमराज ते गठ्ठे पोस्टात नेऊन देतात. म्हणजे नीट पाहिलंत तर पहिलं काम माझंच.

सप्टेंबर आला की सगळ्या संस्थांच्या सभा एकदम येत. हवा सर्द, कागद मऊ पडलेला, दोन-दोन पानं एकमेकांना चिकटून माझ्या तोंडात यायची आणि माझा श्वास अडकायचा. अशा वेळी भीमराज मला सरळ दणका द्यायचे. चालत नसलेल्या वस्तूला मारलं की ती चालते, ही माणसांची जुनी समजूत आहे. यशोधराबाई मात्र कागद पंख्यासारखे पिसून मोकळे करायच्या, स्पिरिटच्या बोळ्यानं माझे रबरी रोलर पुसायच्या, आणि मी पुन्हा खटाखट सुरू. दुपारचं जेवण माझ्याच आवाजात व्हायचं.

मग मोबाईल आले. आधी बियाणं कंपनी गेली, मग शाळा, मग एकेक पतसंस्था. भीमराजांच्या मुलानं, पंकजनं, कॉम्प्युटर शिकून मोबाईलवर निरोप पाठवायचं काम सुरू केलं. खरं सांगायचं तर घर त्याच्याच कामावर चालू राहिलं. पण माझ्या डोक्यावर जुनी चादर आली, चादरीवर चार्जर आला आणि चार्जरशेजारी चहाचा कप. एके दिवशी नागापूरचा भंगारवाला छगन आला. त्यानं मला वरून-खालून वाजवून पाहिलं आणि लोखंड बरं हाय म्हणाला. दिवाळी झाली की न्यायचं ठरलं.

छगन गेल्यावर भीमराजांनी चादर काढली, मला पुसलं आणि परत घातली. मला फार वाईट वाटलं. मी गेलो की बाहेरचा बोर्डही उतरणार, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं.

त्यात उजाडला एक जून.

आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला वाढदिवस विचारा, तो एक जूनच सांगेल. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसायची. मास्तर एक जून टाकून मोकळे होत, म्हणजे पोरगं बिनघोर पहिलीत बसे. आता झालं असं, की नेवासा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन आप्पासाहेब यांनी पंकजला काम दिलं होतं. ज्या सभासदाचा वाढदिवस असेल, त्याला चेअरमनच्या फोटोसकट शुभेच्छा जायच्या. पंकजनं सगळ्यांच्या तारखा भरल्या, कॉम्प्युटरला नेमून दिलं आणि विसरून गेला.

एक जूनला सकाळी अर्धी पतसंस्था जन्माला आली.

पारावर लोक एकमेकांना मोबाईल दाखवून हसले. पण ज्यांचा दहावा होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, त्यांनाही आप्पासाहेबांनी दीर्घायुष्य चिंतलं होतं, आणि ती घरं हसली नाहीत. इतके निरोप एका दमात गेले म्हणून दुपारपर्यंत पंकजचा निरोप पाठवायचा नंबरही बंद पडला. मला गालातल्या गालात हसू आलं होतं, पण पंकजचं उतरलेलं तोंड पाहून ते जिरलं. रात्र-रात्र बसून शिकलेलं पोर ते.

ऑगस्टमध्ये आप्पासाहेब स्वतः आले. वार्षिक सभेची नोटीस पाठवायची होती. मोबाईल नको, पूर्वीसारखी पाकिटं घाला, म्हणाले. मात्र एका घरात एकच पाकीट, कर्त्या माणसाच्या नावानं. बाकी सभासद कागदावरचेच असतात, असं त्यांचं म्हणणं.

यशोधराबाई डिंकाची बाटली खाली ठेवून म्हणाल्या, “जितके सभासद तितकी पाकिटं. ज्याचं नाव, त्याच्या नावानं.”

“वहिनी, बायका कुठं सभेला येतात?”

“त्यांना आजवर बोलावलंय कुणी?”

आप्पासाहेब भीमराजांकडे बघायला लागले. भीमराजांनी चादर ओढून काढली आणि माझं बटण दाबलं. तेवढंच उत्तर.

पंकजनं गावोगाव फोन लावून गेलेल्यांची नावं बाजूला केली आणि एकेका सभासदाचा वेगळा पत्ता छापला. माझे रोलर झिजून गुळगुळीत झालेत, त्यामुळे मी मध्ये दोनदा अडलो. या खेपेला बोळा घेऊन पंकज आला. त्याला काही पुसता येत नाही, पण आला.

नोटिसा गेल्यानंतर एक म्हातारी बाई दारात उभी राहिली. नेवाशाकडच्या चांगुणाबाई. नगरला डोळे तपासायला आल्या होत्या आणि पाकिटामागचा आमचा पत्ता रिक्षावाल्याला दाखवत इथवर पोचल्या. यशोधराबाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं. चांगुणाबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं.

“नात म्हनली, आज्जी, तुझं नाव हाय. खरंच माझं हाय का? का पोराचं चुकून मला आलं?”

“तुमचंच आहे, मावशी.”

“आमच्यात कागद येतो त्यो मालकाच्या नावानं, मालक गेल्यावर पोराच्या. लग्नाच्या पत्रिकेवर बी माझं नाव नसतंय. सभेला दरसाल पोरगंच सही करून येतंय.”

“सभासद तुम्ही आहात. सही तुमचीच पाहिजे.”

“मंग सभेला मी जाती,” चांगुणाबाई म्हणाल्या. नोटीस त्यांनी माझ्याच घडीवर पुन्हा दुमडली आणि पाकिटात घातली. अभिमानानं माझे नट ढिले व्हायचे बाकी होते.

सभेनंतर आप्पासाहेबांचा फोन आला, तो पंकजनं सगळ्यांना ऐकवला. एवढ्या बायका आल्या की सतरंज्या शेजारच्या मंदिरातून आणाव्या लागल्या. एका म्हातारीनं तर उभं राहून कर्जाच्या व्याजाचा हिशेब विचारला. आप्पासाहेब वैतागले होते, पण पुढच्या साली पाकिटं तुमच्याकडंच, असंही म्हणाले. भीमराज बाहेर जाऊन बोर्डावरची धूळ पुसत बसले.

मग पंकजनं छगनला फोन लावला. मी कान टवकारले.

“छगनभाऊ, मशीन द्यायचं न्हाई. असलंच दुसरं तुमच्याकडं भंगारात आलं, तर त्याचे रोलर तेवढे काढून ठेवा.”

फोन ठेवून त्यानं माझ्या डोक्यावरचा चार्जर उचलला आणि दुसरीकडं लावला.

तर मंडळी, मोबाईलशी माझं भांडण नाही. खुशाल वापरा. पण कुणाला मनापासून बोलवायचं असेल, तर त्याचं नाव पूर्ण लिहा आणि कागद केडगावला आणा. आता रजा द्या. माझ्यापुढं चांगुणाबाईंच्या गावातल्या बचत गटाची आमंत्रणं येऊन पडली आहेत, आणि यशोधराबाई कागद पिसायला बसल्या आहेत.